जोखीम कुणाच्या अंगावर?

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. माणसं मारायला ते आले नव्हते. त्यांना हवे होते कर्जरोखे आणि वह्या. ते हाती लागले तिथे जाळले, आणि बघता बघता हे लोण पुणे-नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरलं. त्याच वर्षी जुलैत मुंबईत शेअर दलालांनी आपली संघटना बांधली. आजचा मुंबई शेअर बाजार तो हाच.

आम्ही शाळेत दख्खनचे दंगे इतिहासात शिकवतो. शेअर बाजार कधी आला तर व्यवहारज्ञान म्हणून येतो. पण या दोन्ही गोष्टींचं मूळ बऱ्याच अंशी एकाच पैशात आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, आणि हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन काढायच्या कंपन्या निघाल्या, त्यांचे शेअर हातोहात खपले, बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांचा शब्द म्हणजे बाजार अशी स्थिती झाली. इकडे देशावर सावकारांनीही हात सैल सोडले. मग युद्ध संपलं. भाव कोसळले, शेअर कवडीमोल झाले, बँक ऑफ बॉम्बे बुडाली. सावकारांनी हात आखडले आणि जुनी येणी मागायला सुरुवात केली. त्यातच सरकारने फेरपाहणी करून शेतसारा वाढवला. सुपं पेटलं ते त्यानंतर.

मुंबईत जे बुडाले त्यांच्या धंद्याला दहा वर्षांत स्वतःची संस्था मिळाली. शेतकऱ्याला १८७९ चा कायदा मिळाला, कोर्टाला कर्जाचा जुना हिशेब उकरून पाहता येईल असा, आणि तोही दंगा केल्यावर.

वित्तक्षेत्र वाढल्याने देश किती श्रीमंत होतो, यावर पुष्कळ लिहिलं जातं. मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: तोटा झाला तर तो कुणाच्या अंगावर पडणार, हे कोण ठरवतं? माझं म्हणणं असं आहे की गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्याकडे जोखीम सरकारच्या आणि मालकांच्या अंगावरून उतरवून एकेकट्या घरावर टाकण्यात आली. ज्या घरांवर ती टाकली, त्यांचं राजकारणातलं वजन मात्र कमी होत गेलं. मी अर्थतज्ज्ञ नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक आहे. पण हे बघायला फार लांब जावं लागलं नाही.

आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर एक कँटीन आहे. तिथे मागच्या टेबलावर माझा एक जुना विद्यार्थी दुपारी बसलेला असायचा. पदवी झालेली, पोलीस भरतीत दोनदा थोडक्यात हुकलेला, संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात काम. एकदा मी चहाला थांबलो तर म्हणाला, "सर, जरा थांबा, आज एक्स्पायरी आहे." मोबाईल त्याने स्टीलच्या ग्लासला टेकवून उभा केला होता. तीन हजारांचा निफ्टीचा कॉल घेतला होता. हा ऑप्शनचा एक प्रकार, म्हणजे निफ्टी हा बाजाराचा निर्देशांक वर जाईल यावर लावलेली पैज; एक्स्पायरीला, म्हणजे मुदत संपताना, तो पुरेसा वर नसला तर लावलेले पैसे बुडतात. तीन वाजता त्याचे अकराशे राहिले होते, सव्वातीनला दोनशे, आणि पुढच्या काही मिनिटांत तेही गेले. त्याचा चेहरा फारसा बदलला नाही, त्याची मला जास्त भीती वाटली. टेलिग्रामवरच्या ग्रुपमध्ये कुणीतरी "हिरो-झिरो", म्हणजे लागली तर घबाड, नाही तर शून्य, अशी टीप दिली होती, एवढंच तो बोलला.

पुढे कळलं की तोटा त्याच्या एकट्याचा नव्हता. त्याची आई गल्लीतल्या फायनान्सच्या गटात होती. म्हशीसाठी म्हणून तिने चाळीस हजार उचलले होते, ते पोराने मागून घेतले. म्हैस आली नाही, हप्ता मात्र आला. या गटांची रीत अशी की एकीने हप्ता चुकवला तर बाकीच्या बायकांनी वर्गणी काढून भरायचा, तोपर्यंत वसुलीवाला दारातून हलत नाही. म्हणजे निफ्टीतला तोटा फिरून गल्लीतल्या चार-पाच चुलींपर्यंत पोचला. त्या बायकांना ऑप्शन म्हणजे काय हे आजही माहीत नाही.

असा तो एकटाच असता तर पोराची चूक म्हणून सोडून दिलं असतं. पण शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला तो सांगतो की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे बाजारात, म्हणजे एफ अँड ओमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक सामान्य लोकांपैकी ९३ टक्क्यांचं नुकसान झालं. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. २०२३-२४ मध्ये यातले ४३ टक्के लोक तिशीच्या आतले होते, आणि तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत सांगितलं होतं. त्याच वर्षी स्वतःच्या पैशाने खेळणाऱ्या दलाल पेढ्या आणि परकीय फंड यांनी मिळून सुमारे ६१ हजार कोटींचा ढोबळ नफा कमावला, जवळजवळ सगळा संगणकाच्या आज्ञावलीवर. सेबीने त्यानंतर लॉटचा, म्हणजे एका सौद्यातल्या किमान खरेदीचा, आकार वाढवला, साप्ताहिक एक्स्पायऱ्या कमी केल्या. तरी २०२४-२५ मध्ये ९१ टक्के लोक तोट्यातच राहिले आणि तोट्याचा आकडा एका वर्षात एक लाख कोटींच्या पुढे गेला.

या आकड्यांपेक्षा मला अस्वस्थ करते ती त्यानंतरची शांतता. कांद्याचा भाव पडला की लासलगावला लिलाव बंद पडतात, हायवेवर रास्ता रोको होतो. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि त्याचा राग २०२४ च्या लोकसभेत नाशिक-दिंडोरीच्या मतपेटीतून बाहेर पडला. शेतकऱ्याचा तोटा हा सगळ्यांचा तोटा म्हणून बोलला जातो. पण ज्या तरुणांच्या खिशातून तीन वर्षांत १.८ लाख कोटी गेले, त्यांचा एक मोर्चा मला आठवत नाही. माझा विद्यार्थी म्हणतो, "माझंच चुकलं सर, स्टॉपलॉस लावायला पाहिजे होता, तोटा ठरल्या मर्यादेला थांबला असता." तोटा झालेला प्रत्येक जण असंच म्हणतो. घरी सांगत नाही, मित्रांना सांगत नाही. नोकऱ्या निघत नाहीत हा राग सरकारवर काढता येतो. ऑप्शनमधला तोटा माणूस स्वतःवरच काढतो. वाढत्या वित्तक्षेत्राचा समाजावर झालेला सर्वांत खोल परिणाम मला हाच वाटतो. सार्वजनिक दुखणं खाजगी लाज होऊन बसलं.

माझे चुलते परळला एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप फसला, चुलते गावी परत आले ते कायमचे. त्यांचं आयुष्य त्यात खर्ची पडलं, हे मी कमी लेखत नाही. तरी शेवटपर्यंत ते संपाबद्दल "आम्ही" असंच बोलायचे. हरलो ते आम्ही हरलो. गिरणगावात पैशाचे व्यवहारही "आम्ही" असेच होते. गाववाल्यांची खोली, खानावळीचं खातं, भिशी, पतपेढी. भिशी पहिल्यांदा कुणाला द्यायची हे कुणाच्या घरी लग्न आहे, कुणाच्या घरी आजारपण, त्यावर ठरायचं. आज लोअर परळला त्या गिरण्यांच्या आवारात मॉल आणि काचेच्या इमारती आहेत, आणि त्यातल्या अनेक मजल्यांवर पैशाचे व्यवहार करणाऱ्या कंपन्या बसतात. शहरं बदलतात, त्याबद्दल रडगाणं मला गायचं नाही. पण अडीच लाख माणसांना एकत्र उभं करणारी जागा गेली, आणि जे आलं त्यात माणूस ग्राहक क्रमांकाने ओळखला जातो. राजकारणात याचा फरक पडणारच.

आता माझ्या स्वतःच्या पगाराकडे येतो. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या भरतीला जुनी पेन्शन बंद केली. मी २००७ ला लागलो. आमच्या पगारातून दहा टक्के कापले जाऊ लागले, योजनेचं नाव डीसीपीएस, पुढे एनपीएस; कापलेला पैसा बाजारात गुंतवायचा आणि त्यातून पेन्शन. कपात दर महिन्याला न चुकता व्हायची. कपातीच्या हिशेबाची चिठ्ठी मात्र कित्येक वर्षं हातात पडली नाही. ज्या कार्यालयात विचारायला जायचो तिथे "वरून आलेली नाही" एवढंच उत्तर. त्यात भर म्हणजे निवृत्तीनंतर किती मिळणार हे कुणीच सांगू शकत नव्हतं, कारण ते बाजार सांगणार होता.

१४ मार्च २०२३ ला आम्ही राज्यभर बेमुदत संपावर गेलो. "एकच मिशन, जुनी पेन्शन" लिहिलेल्या टोप्या घालून तहसील कचेरीसमोर बसलो होतो. शेजारच्या सरांनी मोबाईल पुढे केला. चार दिवसांपूर्वी अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली होती आणि आपला बाजार घसरत होता. सर म्हणाले, "बघा, बँक कॅलिफोर्नियात बुडाली आणि माझी एसआयपी इथं खाली आली." मांडवात निम्म्याहून अधिक जणांची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक गुंतवणूक, होती. माझीही आहे. घोषणा देणारे आम्ही आणि संध्याकाळी फंडाचं ॲप उघडणारेही आम्हीच. पेन्शनसाठी सरकारने जास्त खर्च करावा ही आमची मागणी, आणि सरकारची तूट वाढली की बाजार नाराज होतो ही बातमी आमच्याच मोबाईलवर. त्या दिवशी मला पहिल्यांदा स्पष्ट दिसलं की माझं हित दोन तुकड्यांत चिरलं गेलंय.

आम्ही संघटित होतो म्हणून निभावलं. २४ ऑगस्ट २०२४ ला केंद्राने एकीकृत पेन्शन योजना जाहीर केली. पंचवीस वर्षं सेवा झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, अशी हमी त्यात आहे. दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, हे सांगायला नकोच. म्हणजे जोखीम परत सरकारच्या अंगावर टाकता येते. ती निसर्गाने दिलेली गोष्ट नाही, ती राजकारणात ठरते.

पण आमच्या घराच्या मागे राहणारे काका साखर कारखान्यातून तीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाले, त्यांना ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीतल्या नोकरदारांच्या योजनेची, पेन्शन आहे दोन हजारांच्या आत. या योजनेतलं किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ पासून एक हजारावर अडकलंय. शेतमजूर म्हातारीला केंद्राकडून वृद्धापकाळ योजनेत मिळतात महिना दोनशे रुपये, ऐंशीच्या पुढे पाचशे. राज्य आपली भर घालतं म्हणून आकडा पंधराशेपर्यंत जातो. यांचे संप होत नाहीत, आणि यांच्या बातमीने सेन्सेक्स एका अंकानेही हलत नाही.

सेन्सेक्स कशाने हलतो आणि तो हलला की कोण हलतं, हे गेल्या वीस-बावीस वर्षांत तीनदा फार ठळक दिसलं. २००४ च्या मे महिन्यात मतदारांनी वाजपेयी सरकार घालवलं आणि १७ मे ला बाजार इतका कोसळला की दिवसात दोनदा व्यवहार थांबवावे लागले. नवं सरकार अजून शपथही घ्यायचं होतं, तरी मनमोहन सिंगांना गुंतवणूकदारांना धीर देणारं निवेदन काढावं लागलं. २० सप्टेंबर २०१९ ला निर्मला सीतारामन यांनी पणजीत जीएसटी परिषदेच्या बैठकीआधी कंपनी कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणल्याची घोषणा केली, आणि सेन्सेक्स एका दिवसात १९०० अंकांनी उसळला. सरकारच्याच अंदाजाने तिजोरीला वर्षाला १.४५ लाख कोटींचा फटका होता. त्यावर संसदेत चर्चा व्हायच्या आधी बाजाराने टाळ्या वाजवल्या होत्या. आणि २०२४ ला खुद्द गृहमंत्र्यांनी प्रचारातल्या मुलाखतीत ४ जूनच्या आधी खरेदी करा असं सांगितलं. ३ जूनला बाजार विक्रमी उंचीवर गेला, ४ जूनला मतमोजणी होताना ४,३९० अंकांनी आपटला. त्या दिवशी अनेक वाहिन्यांवर एका कोपऱ्यात जागा दिसत होत्या, दुसऱ्या कोपऱ्यात सेन्सेक्स, आणि सूत्रसंचालक दोन्ही आकडे एकाच आवाजात वाचत होते.

देशात तेव्हा मतदार होते ९७ कोटींच्या घरात. राष्ट्रीय शेअर बाजारात नोंदलेले गुंतवणूकदार दहा कोटींच्या आसपास. मतदार पाच वर्षांतून एकदा बोलतो. बाजार रोज सव्वानऊला बोलायला लागतो, आणि त्याचं बोलणं ऐकायला प्रत्येक मंत्रालयात माणूस बसलेला असतो. २००४ मध्ये सगळे बाजाराचंच ऐकत बसले असते, तर पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये रोजगार हमीचा कायदा संसदेत मंजूर झाला नसता.

याला जे उत्तर दिलं जातं तेही हलकं नाही. शेअर ठेवायची डिमॅट खाती मार्च २०२० मध्ये चार कोटींच्या आसपास होती, पाच वर्षांत एकोणीस कोटींवर गेली. एसआयपीतून महिन्याला २५ हजार कोटींच्या वर पैसा येतो. परकीय फंड विकत सुटतात तेव्हा हाच पैसा बाजार सावरतो. परदेशी पैशाच्या लहरीवर देश टांगला जाऊ नये, यासाठी हे चांगलंच आहे. माझ्या बहिणीने एसआयपीच्या जोरावर मुलीला इंजिनिअरिंगला घातलं, सोन्याला हात न लावता. आणि जुनी व्यवस्था म्हणजे काही रामराज्य नव्हतं. महाराष्ट्राने तर हे फार जवळून पाहिलंय. धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहतांनी जिच्यासाठी हाडं झिजवली त्या सहकाराच्या शिखर बँकेवर २०११ ला प्रशासक नेमावा लागला. संचालकांच्या नात्यागोत्यात वाटलेली कर्जं कुठल्या जिल्ह्यात नव्हती? पीएमसी बँकेचे खातेदार सप्टेंबर २०१९ मध्ये स्वतःचे हजार रुपये काढायला रांगेत उभे होते, तेही सहकाराचंच नाव लावणाऱ्या बँकेपुढे.

हे सगळं मान्य करूनही एक फरक मला सोडवत नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत उठून चेअरमनला जाब विचारता येत होता. विचारणाऱ्याला गप्प बसवायचे, कधी दमदाटी व्हायची, पण चेअरमन कोण आणि त्याचं घर कुठलं हे माहीत होतं. १४ नोव्हेंबर २०१६ ला जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली, तेव्हा ऐन रब्बीच्या पेरणीत शेतकरी अडकला आणि गावागावांतून आरडाओरडा झाला, कारण ती बँक आपली आहे असं लोकांना वाटत होतं. आज कर्ज नाकारतो तो सिबिलचा आकडा, म्हणजे जुन्या कर्जफेडीवरून संगणकाने दिलेले गुण. पीककर्जाला सिबिल लावू नका असं राज्य सरकार बँकांना पुन्हा पुन्हा बजावतं, आणि तरी शेतकरी शाखेतून परत येतो. कुठल्या सभेत जाऊन तो विचारणार?

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. एफ अँड ओमध्ये उतरणाऱ्याचं उत्पन्न आणि ठेव तपासल्याशिवाय दार उघडू नये. कर्ज देताना घराची ऐपत बघतात, तशी तोटा सोसायची ऐपतही बघावी. फायनान्सच्या गटात एकीचा हप्ता दुसरीवर टाकण्याची रीत कायद्याने बंद व्हावी. अर्थसंकल्पाच्या दिवशी शेअर बाजाराच्या पट्टीशेजारी निदान शेतमजुरीचा दर तरी दाखवा, असं मी वाहिन्यांना कळकळीने सांगेन.

आणि सर्वांत महत्त्वाचं, म्हातारपणाच्या पेन्शनला पायाभूत रक्कम हवी, महागाईशी जोडलेली, बाजाराशी नाही. पैसा कुठून आणायचा, हे महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी दाखवून दिलंय. १९७२ च्या दुष्काळात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहाने रोजगार हमी उभी राहिली. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी भागातल्या मजुराच्या कामाचा पैसा द्यायचा, असा तो सरळ करार होता. आज शेअर व्यवहारांवरचा कर, एसटीटी, केंद्राला वर्षाला पन्नास हजार कोटींच्या पुढे देतो, आणि वृद्ध, विधवा, अपंग या तिघांच्या केंद्रीय सहाय्याची तरतूद वर्षानुवर्षं ९,६५० कोटींच्या आसपास थांबली आहे. एसटीटीतला ठरावीक वाटा कायद्याने या पेन्शनला बांधून द्या. बाजार वाढला तर म्हातारीची पेन्शन वाढेल. बाजार पडला तर खालची रक्कम सरकार भरेल.

माझ्या पगारपत्रकात व्यवसाय कर अजूनही कापला जातो. महिन्याला दोनशे, फेब्रुवारीत तीनशे. रोजगार हमीसाठी कापलेल्या त्या पैशाबद्दल मी आजवर एकाही शिक्षकाला कुरकुर करताना ऐकलेलं नाही.